महामुंबईचा धनी कोण?

मुंबई महानगर प्रदेशावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. माझा धाकटा भाऊ नगररचनेच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आणि नेरुळला राहतो. माझी मुलगी शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि आसनगावला राहते. मी लग्न होऊन डोंबिवलीत आले ती इथलीच झाले. तिघांची स्टेशनं लोकलच्या एकाच नकाशावर आहेत. पण पाणी कोण सोडतं, कचरा कोण उचलतं आणि तक्रार घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं, याची उत्तरं तिघांची तीन तऱ्हांची. मामा-भाची सणावारी भेटले की हा विषय निघतोच. दोघंही पुराव्यानिशी बोलतात, म्हणून त्यांचं म्हणणं इथे मांडते आहे.

आधी मुलूख किती मोठा ते सांगायला हवं. बृहन्मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका. अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, खोपोली, पेण, उरण यांसारख्या नगरपालिका. आणि मधेमधे शेकडो गावं. १९७५ साली हे सगळं एमएमआरडीए या एका प्राधिकरणाच्या नियोजनाखाली आलं. नंतर हद्द वाढली आणि आज हे क्षेत्र सहा हजार चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं आहे. अख्ख्या गोव्याच्या दीडपटीहून मोठं.

मामा : तू एक गोष्ट आधी मान्य कर. अलीकडे वाढली ती जुनी मुंबई नव्हे, तिच्या भोवतीचा मुलूख. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. तेव्हा तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. पुढे २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा काढावा लागला.

भाची : हे आकडे २०११चे आहेत, मामा. २०२१ची जनगणना झालीच नाही. शाळेच्या पटावरून मला दिसतं की आसनगाव-वासिंदला बाहेरून आलेली कुटुंबं किती वाढली आहेत. त्यांची मोजदाद कुठे आहे?

मामा : मोजदाद व्हायलाच हवी. पण दिशा तीच आहे ना? १९८२चा गिरणी संप झाला, अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. लालबाग-परळची पागडीची खोली विकून माणूस डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला आला. तिथे त्याला स्वतःचा संडास, स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं घर मिळालं. चाळीत तीन पिढ्या जे जमलं नाही ते या वाढीने दिलं. तुझ्या आईच्या सोसायटीत विचार, निम्मी घरं गिरणगावातून आलेली निघतील.

भाची : घर मिळालं, पण त्याची किंमत रोज मोजावी लागते. पोटापाण्याची जागा दक्षिणेला राहिली आणि माणूस उत्तरेला गेला.

इथे मला मधे बोलावं लागतं, कारण ही किंमत मी मोजलेली आहे. नोकरीच्या काळात सकाळी डोंबिवलीहून सीएसटीच्या गाडीत शिरणं अशक्य व्हायचं, तेव्हा आम्ही बायका आधी उलट्या दिशेने कल्याणला जायचो आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत जागा धरून परत डोंबिवलीवरून पुढे जायचो. चौथ्या सीटवर अर्धं टेकायला मिळालं तरी तेवढ्यात मेथी निवडून व्हायची. आजही मुली तशाच उलट्या जातात. प्लॅटफॉर्मवर गाडी शिरताना बघावं: पदर खोचलेला, पर्स पोटावर ओढलेली, गाडी थांबायच्या आत डाव्या हाताने दांडा पकडायचा. उतरणारीने आधीच्या स्टेशनपासून दारात यायचं, नाहीतर उतरायला मिळत नाही. ९ जून २०२५ला दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि माणसं गेली. मुंबईच्या लोकलमार्गावर दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं मरतात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका पुरी व्हायला २०२२ उजाडलं. घरं मात्र कोणाची वाट बघत थांबली नव्हती.

मामा : ताई म्हणते ते खरं, आणि म्हणूनच रोजगार बाहेर काढायला हवा होता. ही गोष्ट काही लोकांना साठ वर्षांपूर्वी कळली होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडलं की मुंबई दक्षिणोत्तर लांबत राहील तर गुदमरेल, तिला खाडीपलीकडे पूर्वेला न्या. त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ १९७० साली झालं. ठाणे खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला. त्या नकाशात सरकारी कचेऱ्याही पलीकडे न्यायच्या होत्या.

भाची : आणि नेल्या का?

मामा : मंत्रालय गेलं नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टॉवर उभे राहिले. तिथे चूक झाली, मला मान्य आहे. वाशीला लोकल यायला १९९२ उजाडलं, पुलानंतर जवळजवळ वीस वर्षं. तोवर म्हणावे तसे लोक आले नाहीत. पण घाऊक बाजार तुर्भ्याला गेला, लोखंड बाजार कळंबोलीला गेला, आणि पुढे नवी मुंबई उभी राहिलीच. तिने मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं केलं. स्वतःचं धरण असलेल्या महापालिका राज्यात किती आहेत? जे शहर आधी आखलं आणि मग बांधलं, तिथे फुटपाथ आहे, मोकळी मैदानं आहेत, पावसाचं पाणी साठवणारे तलाव आहेत. जे आखलं नाही ते कल्याणच्या पूर्वेला जाऊन बघ.

भाची : आखणीला माझा विरोध नाही. पण तुमची आखणी कोरी पाटी समजून सुरू होते. नवी मुंबईच्या नकाशाखाली ९५ गावं होती. आगरी-कोळ्यांची भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. त्यांना जमिनीचा जो भाव देऊ केला त्याविरुद्ध दि. बा. पाटलांनी लढा उभा केला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मारले गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मिळायचं धोरण त्या रक्तानंतर आलं. तो वाटा कोणा नियोजनकाराने आपणहून नकाशात लिहिला नव्हता.

मामा : नव्हता. (थोडा वेळ गप्प राहून) आमच्या खात्यात आम्ही नवे असताना ते प्रकरण दबक्या आवाजात बोललं जायचं. पण त्या साडेबारा टक्क्यांमुळे पुढचं भूसंपादन बदललं हेही खरं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे परिसरातली जी गावं उठली त्यांना त्याहून चांगलं पॅकेज मिळालं. ८ ऑक्टोबर २०२५ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, जवळजवळ २२ किलोमीटर. शिवडीहून न्हावाशेव्याला आता वीस-पंचवीस मिनिटं लागतात. १९६५ला जे पूर्वेला जा म्हणून सांगितलं, ते आता घडतंय.

भाची : घडतंय, आणि पुन्हा तसंच घडतंय. सेतू संपतो तिथे उरण, पनवेल, पेणमधली १२४ गावं नव्या शहरासाठी अधिसूचित झाली आहेत. लोक हरकती घेऊन रांगेत उभे राहिले. तिसरी मुंबई म्हणे. मामा, ठाणे, कल्याण, वसई ही मुंबईची शेपटं आहेत का? मुंबई सात बेटांवरची कोळीवाडी होती तेव्हा सोपारा हे बंदर होतं, तिथे अशोकाचा शिलालेख सापडला. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांना दिलेल्या दानाचे लेख दगडावर आहेत. यांना उपनगर म्हणायचं आणि मग उपनगराला मिळेल तेवढंच पाणी, मिळेल तेवढीच लोकल.

मामा : जुना इतिहास काढलास तर तोही पुरा काढ. रेल्वे १८५३ला ठाण्याला आणि १८५४ला कल्याणला पोचली, तेव्हापासून या गावांचं नशीब मुंबईला जोडलं गेलं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि उल्हासनगर झालं. भिवंडीत यंत्रमाग आले. अंबरनाथ-डोंबिवलीत कारखाने आले. प्रत्येक गाव स्वतःच्या कारणाने वाढलं, फक्त मुंबईच्या ओसंडण्याने नाही. नीती आयोगाने २०२४ला सगळ्या प्रदेशाकडे एकच अर्थव्यवस्था म्हणून पाहिलं, १४० अब्ज डॉलरवरून ३०० अब्जांवर न्यायचं म्हटलं, ते याच कारणाने. भिवंडीच्या गोदामाशिवाय अंधेरीच्या माणसाच्या दारात पार्सल येत नाही.

भाची : मग पाण्याचं बोलू. तुमच्या त्या एका अर्थव्यवस्थेत पाणी कुठून येतं?

हा प्रश्न ती दर वेळी विचारते आणि उत्तरही तीच देते. मुंबई महापालिका रोज पावणेचारशे कोटी लिटरहून अधिक पाणी पुरवते. सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी एवढे दोनच मुंबईच्या हद्दीत आहेत आणि त्यांचा वाटा अगदी किरकोळ आहे. जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. भातसा आणि तानसा ही दोन्ही शहापूर तालुक्यात. तानसा इंग्रजांच्या काळातला, १८९२चा. १९७५ला महानगर प्रदेशाची हद्द आखली तेव्हा कर्जत-खालापूरपर्यंत रेघ गेली, पण शहापूर तालुका तिच्याबाहेर राहिला.

भाची : एप्रिल लागला की माझ्या शाळेत मुलींची हजेरी घसरते. टँकर येतो तो घरोघर पाणी देत नाही. पाड्याच्या विहिरीच्या कठड्यावर जाड पाइप टाकतो आणि टाकी विहिरीत रिकामी करतो. विहिरीचा तळ मातीचा, त्यामुळे पाणी पडताक्षणी गढूळ होतं. बायका दोर सोडून सज्ज असतात. पाइप ओघळत असतानाच कळशा आत जातात, एकीचा दोर दुसरीच्या दोरात गुंततो. दहा वर्षांच्या मुलीला कठड्यावर उभं करतात, कारण ती हलकी असते आणि तिला वाकून ओढता येतं. ते पाणी फडक्याने गाळून, तासभर निवळू देऊन प्यायचं. आणि त्या पाड्यावरून खाली बघितलं की धरणाचं पाणी दिसतं.

मामा : पाडे उंचावर आहेत, धरण खाली आहे. पाणी उपसून वर चढवायचं तर विजेचं बिल ग्रामपंचायतीला झेपत नाही. म्हणून तर इगतपुरीकडच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना निघाली.

भाची : निघाली, आणि लांबत गेली. भातसाचं पाणी पिसे बंधाऱ्यावर उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि पंपांनी मुंबईकडे ढकलतात. तिथे विजेचं बिल आड आलं नाही. शंभर किलोमीटर पाणी नेता येतं आणि टेकडीवर चढवता येत नाही, हे मुलांना मी कोणत्या विषयात शिकवू?

मामाकडे याला उत्तर नसतं आणि तो ते लपवत नाही. तो प्रशासनाच्या रचनेकडे वळतो. तिथे मात्र माझ्या मते त्याचं म्हणणं मुलीने ऐकायला हवं.

मामा : हे का होतं ते बघ. मुंबई महापालिकेचं काम मुंबईला पाणी देणं, शहापूरला नव्हे. जिल्हा परिषदेकडे पैसा नाही. प्रत्येक जण आपल्या कुंपणात बरोबर असतो. डोंबिवलीजवळच्या २७ गावांचं उदाहरण घे. १९८३ला महापालिकेत, २००२ला बाहेर, २०१५ला पुन्हा आत. बाहेर होती त्या वर्षांत ग्रामपंचायतीच्या कागदावर इमारती चढल्या. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे नंबर मिळवले, कारण एका कचेरीने दुसऱ्या कचेरीला विचारलंच नाही. उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. ज्यांनी कर्ज काढून घरं घेतली ते आता कुठे जाणार? सगळ्या प्रदेशाला एकच भक्कम यंत्रणा असती तर हे झालं नसतं. माझी मागणी तीच आहे. पाणी, कचरा, वाहतूक आणि बांधकाम परवानगी एका हाती द्या.

भाची : आणि तो हात कोणाचा? एमएमआरडीएवर काही लोकप्रतिनिधी असतात, पण सूत्रं राज्य सरकारकडे. प्रदेशातल्या कोणीही मतदाराने त्या प्राधिकरणासाठी कधी मत दिलेलं नाही. मेट्रो कुठून जाणार, सेतूनंतर कोणती गावं घेणार, हे ते ठरवतात. २०१६ला प्रादेशिक आराखड्याचा मसुदा आला तेव्हा हिरव्या पट्ट्यासाठी वसईकरांनी हजारोंनी हरकती दिल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या काळापासून ते तेच सांगत आले आहेत. आराखडा २०२१ला मंजूर झाला. आणखी ताकद त्याच हातात द्यायची, तर माझ्या पाड्याला आणखी कमी ऐकू जाईल.

मामा : महापालिकांत तरी काय वेगळं आहे? नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवलीची मुदत २०२०ला संपली, मुंबईची मार्च २०२२ला. त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकच होते. निवडून आलेला माणूस नसताना हजारो कोटींचे अर्थसंकल्प मंजूर झाले. प्राधिकरण निवडून आलेलं नाही म्हणतेस, तर महापालिकाही तेवढा काळ निवडून आलेल्या नव्हत्या.

भाची : मग दोन्हीकडे मताचा माणूस हवा, एवढंच ना? यात तुमचं-माझं भांडण कुठे आहे?

वाद इथवर आला की दोघंही मी काढलेल्या तिसऱ्याच कागदाकडे बघतात. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने १९९२ मध्ये सांगितलं आहे की दहा लाखांच्या वरच्या प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या भागातल्या नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडून द्यायचे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. तरी मुंबई प्रदेशाचा आराखडा करणारी आणि त्यासाठी पैसा खर्च करणारी यंत्रणा एमएमआरडीएच राहिली. माझ्या भावाने इतकी वर्षं नगररचनेत काढली, पण त्या समितीने एखादा निर्णय बदलून घेतल्याचं त्याला आठवत नाही.

माझं मत मी दोघांनाही सांगितलं आहे. एकच यंत्रणा हवी, यात भाऊ बरोबर आहे. नऊ महापालिकांनी नऊ दिशांना ओढून लोकल, नदी आणि कचरा यांतलं काहीच सुटणार नाही. उल्हास नदीत वरचं गाव सांडपाणी सोडतं, खालचं शहर तेच पाणी उचलतं; दोन्हीकडे वेगळे अधिकारी. पण ती यंत्रणा निवडून आलेल्या समितीला उत्तरदायी असल्याशिवाय तिला एक इंचही जास्त अधिकार देऊ नयेत. आणि ज्या तालुक्याचं पाणी आपण पितो त्याला त्या समितीवर बसायला जागा असलीच पाहिजे. शहापूर हद्दीबाहेर आहे हे कारण पुरत नाही. हद्द सरकारने अधिसूचना काढून आखली आहे, तशीच ती बदलताही येते. पेण, अलिबाग, पालघरसाठी बदललीच की. धरणाच्या काठच्या पाड्यांना नळ मिळेपर्यंत मुंबईच्या, ठाण्याच्या पाण्याच्या बिलावर लिटरमागे काही पैसे जादा घ्या आणि त्यातून पाणी वर चढवायच्या पंपांचं वीजबिल भरा. मी डोंबिवलीची, माझ्या नळालाही दुसऱ्याच्या डोंगरातलं पाणी येतं, मी ते पैसे भरायला तयार आहे.

ठाणे, कल्याण, वसई, पनवेल, मुंबई, कुठेही राहणाऱ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. वॉर्डातला नगरसेवक गटाराचं आणि पेव्हर ब्लॉकचं सांगायला येईल तेव्हा ते ऐकून घ्या, आणि मग विचारा: महानगर नियोजन समितीवर तुम्ही कोणाला निवडून पाठवणार आहात, आणि शहापूरच्या पाण्याबद्दल तो तिथे काय बोलणार आहे? उत्तर लेखी मागा.